कंपासच्या टोकावरचे शब्द: ‘सेंटर’चं अख्खं घराणं पाठांतराशिवाय कसं शिकावं

माझ्या कोल्हापुरातल्या संध्याकाळच्या वर्गातली निम्मी मुलं दिवसभर कामाला असतात. कोणी शिवाजी उद्यमनगरात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, कोणी शिरोलीच्या फौंड्रीत, कोणी राजारामपुरीत कापडाच्या दुकानात. काम सुटलं की हातपाय धुऊन साडेसातला वर्गात हजर. स्पर्धा परीक्षेत इंग्रजीनं घात केला की बाकीच्या सगळ्या विषयांची मेहनत पाण्यात जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. सुरुवातीची काही वर्षं मी त्यांना याद्या द्यायचो. एक्सेंट्रिक म्हणजे विक्षिप्त, कन्सेंट्रिक म्हणजे एककेंद्री, सेंट्रिफ्यूगल म्हणजे अपकेंद्री. शुक्रवारी घडाघडा म्हणून दाखवायची आणि सोमवारी विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. मुलं कष्टाळू होती. मीच त्यांना शब्द मुळापासून तोडून, सुटे सुटे करून देत होतो.

एका संध्याकाळी फळ्यावर ‘सेंटर’ लिहून मी विचारलं, म्हणजे काय? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, ‘मध्य’. मागच्या बाकावरचा एक जण मात्र म्हणाला, ‘‘सर, आमच्यात सेंटर म्हंजे टोक.’’ वर्ग हसला. त्यानं खिशातून बोटभर लांबीची पोलादी कांडी काढून टेबलावर ठेवली. सेंटर पंच. ‘‘जॉबवर भोक पाडायच्या आधी ह्ये ठेवायचं आन् हातोडीचा एकच ठोका द्यायचा. खळगा पडला की ड्रिल तिथंच बसतंय. न्हाई मारलं तर बिट नुसतं नाचतंय.’’ फिरत्या जॉबला आधार द्यायला लेथच्या मागच्या टोकाला, टेलस्टॉकमध्ये, जे डेड सेंटर बसवतात तेही शंकूसारखं टोकदारच असतं, असंही त्यानं सांगितलं. त्या रात्री मी कोश उघडून बसलो. त्या पोराचं उत्तर अख्ख्या वर्गापेक्षा, माझ्यापेक्षाही, मुळाच्या जवळचं निघालं.

तेव्हापासून मी हे घराणं ज्या पद्धतीनं शिकवतो ती इथे पायरीपायरीनं देतोय. एक कंपास, एक वही आणि आठवडाभर रोज अर्धा तास, एवढं पुरतं.

पहिली पायरी: आधी टोचा

वहीचं कोरं पान उघडा. कंपासचं पोलादी टोक मधोमध रोवा, पेन्सिल फिरवा, वर्तुळ काढा. आता कंपास बाजूला ठेवून पान दिव्यासमोर धरा. मधल्या बारीक छिद्रातून उजेडाचा ठिपका दिसेल. तो ठिपका म्हणजे ‘केन्त्रोन’.

ग्रीक भाषेत ‘केन्तेइन’ म्हणजे टोचणे आणि ‘केन्त्रोन’ म्हणजे टोचणारं टोक. आपल्याकडे बैल हाकायच्या पराणीला पुढे लोखंडी आर असते, ती ग्रीकांच्या लेखी केन्त्रोन. गांधीलमाशीची नांगीही केन्त्रोनच. वर्तुळ काढताना कंपासचा एक पाय रोवायचा आणि दुसरा फिरवायचा. रोवलेला पाय जिथे टोचतो त्या जागेलाही पुढे तेच नाव पडलं. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडनं भूमितीच्या व्याख्या लिहिल्या, त्यात वर्तुळाच्या मध्यबिंदूसाठी हाच शब्द आहे. म्हणजे आधी टोक, मग टोचलेली जागा, आणि ‘मध्य’ हा अर्थ सगळ्यात शेवटी आला.

छिद्राशेजारी ‘टोचलेला बिंदू’ असं लिहा. ‘मध्य’ लिहू नका. या आग्रहामागे कारण आहे. मराठीत ‘मध्ये’ म्हटलं की ऐसपैस जागा डोळ्यांसमोर येते: गावाच्या मध्ये, खोलीच्या मध्ये. या घराण्यातला प्रत्येक शब्द मात्र एकच नेमका प्रश्न विचारतो. कंपास कुठे टोचलाय? एकाच छिद्रात, छिद्राच्या बाहेर, छिद्राच्या वर, की छिद्रापासून लांब पळत? हा प्रश्न हातात आला की पुढचं सगळं चित्र काढून समजतं.

दुसरी पायरी: घरातला शब्द ओळखा

शाळेत आपण सेंटरचं भाषांतर ‘केंद्र’ असं शिकतो. हे भाषांतर नव्हेच. सेंटर आणि केंद्र ही एकाच आईची दोन लेकरं आहेत. केन्त्रोन पश्चिमेकडे गेला तो लॅटिनमध्ये ‘केन्ट्रुम’ झाला, फ्रेंचमधून इंग्रजीत उतरला आणि वाटेत त्याच्या ‘क’चा ‘स’ झाला. तोच शब्द पूर्वेकडे आला तो ग्रीकांच्या ज्योतिषाबरोबर, आणि संस्कृतात ‘केन्द्र’ होऊन बसला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ग्रंथांत तो आहे. मूळचा ‘क’ आपण जपला, इंग्रजीनं घालवला. वर्गात हे सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावरचं इंग्रजीचं दडपण थोडं उतरलेलं मला स्पष्ट दिसतं.

पुरावा घरातच सापडेल. कपाटातली पत्रिका काढा. पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं ही केंद्रस्थानं. दुसरं, पाचवं, आठवं, अकरावं यांना जोशीबुवा ‘पणफर’ म्हणतात आणि तिसरं, सहावं, नववं, बारावं यांना ‘आपोक्लिम’. हे तिन्ही शब्द ग्रीक आहेत. ‘होरा’सुद्धा ग्रीक, इंग्रजीतला तासासाठीचा ‘अवर’ त्याचाच भाऊ. पण एका पत्रिकेत चार केंद्रं कशी? मध्य तर एकच असायला हवा. पहिली पायरी नीट झाली असेल तर याचं उत्तर तुम्हीच द्याल. उगवतीचा, मावळतीचा, माथ्यावरचा आणि पायाखालचा असे आकाशात रोवलेले हे चार बिंदू आहेत. टोक चार ठिकाणी टोचता येतं.

आता सराव. इंग्रजी शब्दात ‘सेंट्र’ दिसलं की मनात तिथे ‘केंद्र’ ठेवून बघायचं. सेंट्रल म्हणजे केंद्रीय. सेंट्रलाइज म्हणजे केंद्रीकरण करणे. डीसेंट्रलायझेशन म्हणजे विकेंद्रीकरण, आणि पंचायत राजवरच्या प्रश्नात हा शब्द हमखास येतो. सेंट्रिस्ट म्हणजे डावीकडेही नाही, उजवीकडेही नाही, असा मध्यममार्गी. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांत मोठ्या ‘सी’नं लिहिलेला ‘द सेंटर’ म्हणजे दिल्लीतलं केंद्र सरकार. हा आपल्या देशातला वापर आहे, परदेशी वाचकासाठी लिहिताना तो तसा लिहू नये. आणि सेंट्रलला मराठीत दर वेळी केंद्रीयच म्हणतात असंही नाही. आपल्या सेंट्रल बस स्टँडवर पाटी ‘मध्यवर्ती बसस्थानक’ अशीच आहे. जागेच्या सोयीचं बोलायचं तर मध्यवर्ती, सत्तेचं बोलायचं तर केंद्रीय.

तिसरी पायरी: तोतये बाहेर काढा

इथे सगळ्यात जास्त गुण जातात, म्हणून घाई करू नका.

सेंच्युरी, पर्सेंट, सेंटिमीटर, सेंटिपीड, सेंटेनरी. ऐकायला एकाच घरातले, पण यांचा केन्त्रोनशी काही संबंध नाही. हे लॅटिन ‘केन्टुम’चे, आणि केन्टुम म्हणजे शंभर. आपला ‘शतम्’ त्याचा नातलग. सेंटिमीटर म्हणजे मीटरचा शंभरावा भाग, सेंटिपीड म्हणजे शंभर पायांची गोम. एकदा एका हुशार मुलीनं सेंटेनरीचा अर्थ ‘केंद्राचा उत्सव’ असा लिहिला होता. तिला दोष देता येत नाही. मी तेव्हा ही चाळणी शिकवलेलीच नव्हती.

चाळणी अशी: सी-ई-एन-टी या चार अक्षरांना लागून लगेच ‘आर’ आहे का बघा. सेंट्रल, कन्सेंट्रिक, सेंट्रिफ्यूज या सगळ्यांत तो आहे, कारण केन्त्रोनमध्ये ‘र’ आहे. पर्सेंटमध्ये नाही. सेंच्युरीत ‘आर’ येतो, पण मध्ये ‘यू’ शिरतो, म्हणून तो शंभरवाला. अपवाद दोनच लक्षात ठेवा. अमेरिकन पद्धतीनं लिहिलेल्या सेंटरमध्ये ‘टी’ आणि ‘आर’ यांच्या मध्ये ‘ई’ येतो. आणि डॉक्टरांचे ‘सेंटेसिस’वाले शब्द, त्यांच्याकडे पुढे येतो.

ॲक्सेंट, इनोसेंट, रीसेंट, डीसेंट, इन्सेंटिव्ह यांच्या शेपटीत किंवा पोटात नुसता आवाज आहे. ते शंभराचेही नाहीत आणि केंद्राचेही नाहीत. ॲक्सेंट आणि इन्सेंटिव्ह तर गाण्याच्या लॅटिन धातूवरून आलेत. इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान घ्या, ‘सेंट’ असलेला प्रत्येक शब्द खुणा करून तीन गटांत टाका: केंद्रवाले, शंभरवाले, कुठलेच नाहीत ते. दोन दिवसांत नजर बसते.

चौथी पायरी: चार शब्द, चार चित्रं

या पायरीला दोन दिवस द्या. एका शब्दाला एक पान, आणि पानावर चित्र हवंच.

कन्सेंट्रिक. ‘कॉन’ म्हणजे एकत्र. कंपास एकाच छिद्रात ठेवून आठ-दहा वर्तुळं काढा, लहानापासून मोठ्यापर्यंत. ती एककेंद्री वर्तुळं. कोल्हापूरकराला हे डोळ्यांसमोर आणायला खासबाग पुरे. मधोमध लाल मातीचा आखाडा आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं हे मैदान म्हणजे दगडमातीतली कन्सेंट्रिक वर्तुळंच. कुठल्याही रांगेत बसा, नजर त्याच एका बिंदूवर जाते.

एक्सेंट्रिक. ‘एक’ किंवा ‘एक्स’ हा ग्रीक उपसर्ग, अर्थ बाहेर. मोठं वर्तुळ काढा. आता कंपास मधल्या छिद्रापासून बोटभर सरकवून आत दुसरं वर्तुळ काढा. दोघांची छिद्रं वेगळी, म्हणून ती एकमेकांना एक्सेंट्रिक. हा शब्द आधी आकाशात वापरला गेला. दुसऱ्या शतकात टॉलेमीनं ग्रहांची वर्तुळं मांडली तेव्हा पृथ्वी त्या वर्तुळांच्या नेमक्या मध्यावर बसेना. ती किंचित बाजूला ठेवावी लागली. लेथवाल्यांना हे सांगावंच लागत नाही. चार जॉच्या चकात, म्हणजे जॉब धरणाऱ्या चार जबड्यांच्या पकडीत, जॉब मुद्दाम मध्यापासून सरकवून बांधला की एक्सेंट्रिक टर्निंग होतं, आणि पॉवर प्रेसचा रॅम वरखाली होतो तो असल्याच शाफ्टमुळे. लंबवर्तुळ किती चपटं आहे ते सांगणाऱ्या आकड्यालाही एक्सेंट्रिसिटी म्हणतात: वर्तुळाची शून्य, पृथ्वीच्या कक्षेची सुमारे ०.०१७, हॅलेच्या धूमकेतूची सुमारे ०.९७. म्हणूनच तो सूर्याजवळून जातो आणि मग पाऊणशे वर्षं दिसत नाही.

माणसाला हा शब्द त्यानंतर लागला. सगळ्यांचं वर्तुळ एका छिद्रावर, याचं दुसऱ्याच. कोशात ‘विक्षिप्त’ देतात, पण मला ‘तऱ्हेवाईक’ जास्त जवळचा वाटतो, आणि बोलीत ‘चक्रम’. एक्सेंट्रिक म्हणजे वेडा नव्हे. त्या शब्दात थोडी माया असते: उन्हाळ्यात कोट घालणारे काका, प्रत्येक बसतिकीट जपून ठेवणारी आजी. मानसिक आजार असलेल्या माणसाला एक्सेंट्रिक म्हणणं चूक आहे आणि निष्ठुरही.

कॉन्सन्ट्रेट. पुन्हा ‘कॉन’. विखुरलेलं सगळं एका बिंदूवर ओढून आणणे. बहिर्गोल भिंगानं उन्हाचा ठिपका कागदावर पाडलाय ना लहानपणी? तेच. मन एकाग्र करणे हा अर्थ तिथूनच आला. पण परीक्षेत दुसरा अर्थ फसवतो, आणि तो आपल्याकडे गुऱ्हाळावर बघायला मिळतो. उसाचा रस काहिलीत उकळतो, पाणी उडून जातं, गोडी उरते, रस दाट होत काकवीकडे जातो. या आटवण्याला इंग्रजीत कॉन्सन्ट्रेट करणे म्हणतात, आणि आटवलेल्या अर्कालाही कॉन्सन्ट्रेटच. रसायनशास्त्रातलं कॉन्सन्ट्रेशन म्हणजे द्रावणाची तीव्रता. जनावरांच्या डॉक्टरांनी म्हशीला ‘कॉन्सन्ट्रेट’ वाढवा म्हटलं तर ते एकाग्रतेबद्दल बोलत नसतात; पेंड, भरडा, खुराक वाढवा म्हणतात. वैरण भरपूर पण पोषण विखुरलेलं, खुराक थोडा पण पोषण गोळा झालेलं. एकच चित्र तिन्ही अर्थांना पुरतं.

एपिसेंटर. ‘एपि’ म्हणजे वर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आपल्या भागातली वयस्कर माणसं तारीख विचारली की लगेच सांगतात. भूकंपाचं खरं मूळ जमिनीखाली, खडक सरकला तिथे असतं. त्याला हायपोसेंटर म्हणतात, ‘हायपो’ म्हणजे खाली. त्या मुळाच्या बरोब्बर वर, जमिनीच्या पाठीवर जो बिंदू येतो तो एपिसेंटर. नकाशावर टाचणी टोचता येते ती एपिसेंटरला, कारण खोलीला नकाशावर जागा नसते. मराठी बातम्यांत दोन्हींना ‘केंद्रबिंदू’ म्हणून मोकळे होतात, त्यामुळे ‘केंद्रबिंदू १० किलोमीटर खोल’ असं वाक्य वाचलं की ते हायपोसेंटरबद्दल आहे हे ओळखायचं. पानावर आडवी रेघ मारा, रेघेखाली एक छिद्र, रेघेवर त्याच्या सरळ वर दुसरं. साथीच्या किंवा घोटाळ्याच्या बातमीत एपिसेंटर येतो तेव्हा अर्थ ‘जिथून सगळं पसरलं ती जागा’ असा घ्या.

पाचवी पायरी: पळणारा आणि ओढणारा

सेंट्रिफ्यूगल आणि सेंट्रिपेटल ही जोडी मुलं नेहमी उलटी करतात. उपाय सोपा आहे, मागच्या अर्ध्या भागाचे नातेवाईक शोधायचे. ‘फ्यूगल’ लॅटिनमधल्या पळणे या धातूचा. फरारी म्हणजे फ्यूजिटिव्ह, आसऱ्यासाठी पळून आलेला तो रेफ्यूजी. ‘पेटल’ हा ओढ घेणे, मागणे या धातूचा. अर्ज म्हणजे पिटिशन, भुकेची ओढ म्हणजे ॲपेटाइट, एकाच बक्षिसाकडे सगळे झेपावतात ते कॉम्पीट. फुलाच्या पाकळीच्या ‘पेटल’शी याचा संबंध नाही, तो वेगळा ग्रीक शब्द आहे. केंद्रापासून पळणारं बळ ते सेंट्रिफ्यूगल, अपकेंद्री. केंद्राकडे ओढणारं ते सेंट्रिपेटल, अभिकेंद्री. केंद्रापासून दूर जाणाऱ्या बळाला ह्युगेन्स या डच शास्त्रज्ञानं आधी नाव दिलं होतं. न्यूटननं त्याच्या जोडीला सेंट्रिपेटल घडवला आणि १६८७ च्या आपल्या ग्रंथात तो पायाशी ठेवला.

जिल्ह्यातल्या कोणत्याही साखर कारखान्यात कामाला असलेल्या माणसाला ‘सेंट्रिफ्यूगल’ विचारा. तो बळाबद्दल बोलणार नाही, मशीन दाखवेल. पॅनमध्ये शिजलेला दाणे आणि मळी यांचा गडद लगदा या मशीनच्या जाळीदार बास्केटमध्ये सोडतात. बास्केट मिनिटाला हजाराच्या आसपास फेऱ्या घेऊ लागलं की लगदा भिंतीला चिकटतो. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, साखरेचे दाणे आत अडतात. वरून पाणी मारलं की बघता बघता तपकिरी भिंत पांढरी होत जाते. हे जवळून बघितलेला मुलगा हा शब्द आयुष्यात विसरत नाही. त्याच्याच जोरावर भौतिकशास्त्रही समजतं: दाण्यांना जाळीची भिंत आत ढकलत राहते, ते सेंट्रिपेटल बळ, मळीला जाळीच्या छिद्रांत तशी भिंत भेटत नाही, म्हणून ती निसटते. दुधातून साय वेगळी करणारं सेपरेटर, लॅबमध्ये रक्ताची नळी फिरवणारं सेंट्रिफ्यूज, घरच्या वॉशिंग मशीनचं ड्रायर, सगळीकडे हाच खेळ.

सहावी पायरी: ‘-सेंट्रिक’ची शिडी

शब्दाच्या शेवटी ‘-सेंट्रिक’ दिसलं की आधी पुढचा भाग वाचा. कंपास कशात टोचलाय ते तो सांगतो. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी, ‘हेलिओ’ म्हणजे सूर्य. टॉलेमीचं विश्व जिओसेंट्रिक, भूकेंद्री. कोपर्निकसनं १५४३ मध्ये मांडलेलं हेलिओसेंट्रिक, सूर्यकेंद्री. मंगळयानाच्या प्रवासात हे दोन्ही शब्द इस्रोनं टप्प्यांची नावं म्हणून वापरले होते. ५ नोव्हेंबर २०१३ ला उड्डाण झालं आणि यान पृथ्वीभोवती फेऱ्या मारत राहिलं, तो जिओसेंट्रिक टप्पा. १ डिसेंबरला त्यानं पृथ्वीची कक्षा सोडली आणि ते सूर्याभोवतीच्या वाटेला लागलं, तो हेलिओसेंट्रिक. २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत शिरलं. यान तेच, फक्त ज्याभोवती फिरायचं ते छिद्र बदलत गेलं. वर्गात मी हे तीन वर्तुळांत काढून घेतो.

आकाशातून माणसात उतरलं की हेच शब्द स्वभाव सांगतात. अँथ्रोपोसेंट्रिक म्हणजे मानवकेंद्री. नदीकडे फक्त आपल्या नळाचं पाणी म्हणून बघणारी दृष्टी. एथ्नोसेंट्रिक म्हणजे आपल्या समाजाच्या चालीरीती हीच मोजपट्टी धरून दुसऱ्यांना मोजणारा. आपल्याकडे एखादा म्हणतो, तांबडा-पांढरा रस्सा नाही ते जेवणच नव्हे. गमतीत ठीक, पण मनापासून म्हणत असेल तर तो एथ्नोसेंट्रिक. ईगोसेंट्रिक आणि सेल्फ-सेंटर्ड यांतला फरक परीक्षेबाहेरही उपयोगाचा आहे. सेल्फ-सेंटर्ड हा दोष आहे, माणूस स्वतःपुरतं बघतो. ईगोसेंट्रिक हा शब्द मानसशास्त्रात पियाजेनं लहान मुलांसाठी वापरला: समोरच्याला आपल्याहून वेगळं दिसतं हे त्या वयात कळतच नाही. लपाछपीत स्वतःचे डोळे झाकून ‘मी दिसत नाही’ म्हणणारं पोर स्वार्थी नसतं.

सातवी पायरी: दवाखाना आणि प्रयोगशाळा

‘-सेंटेसिस’ म्हणजे सुई टोचून पाणी काढणे. इथे केन्तेइन आपल्या मूळ अर्थावर परत आलाय, मध्याचा मागमूस नाही. छातीतलं पाणी काढणं म्हणजे थोराकोसेंटेसिस, सांध्यातलं आर्थ्रोसेंटेसिस, गर्भजलाचा नमुना घेणं ॲम्निओसेंटेसिस. या शेवटच्या तपासणीचा गैरवापर मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी झाला, म्हणून महाराष्ट्रानं १९८८ मध्ये आणि देशानं १९९४ मध्ये कायदा केला. सामाजिक प्रश्नांवरच्या उताऱ्यात हा शब्द येतो तो यामुळे.

जीवशास्त्रात सेंट्रोमिअर म्हणजे गुणसूत्रबिंदू आणि सेंट्रोसोम म्हणजे तारककाय. ‘मेरोस’ भाग, ‘सोमा’ शरीर. भूमितीत सर्कमसेंटर, इनसेंटर. हे पाठ्यपुस्तकातून उचला, इथे थांबायची गरज नाही.

आठवी पायरी: लिहिणं आणि बोलणं

इंग्लंडमध्ये शेवटी ‘आर-ई’, अमेरिकेत ‘ई-आर’. अमेरिकन रूप रुजलं ते बऱ्याच अंशी नोआ वेबस्टरमुळे. त्याचा मोठा कोश १८२८ चा. परीक्षेत कोणतंही एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. लक्ष देणे या अर्थी ‘कॉन्सन्ट्रेट’ नंतर ‘ऑन’ येतो, ‘इन’ नाही. ‘सेंटर अराउंड’ पुष्कळ जण लिहितात, पण चोखंदळ परीक्षक ते कापतात: बिंदू कशाच्या ‘भोवती’ कसा असेल? म्हणून ‘सेंटर ऑन’ लिहा. उच्चारात कॉन्सन्ट्रेटचा जोर पहिल्या अक्षरावर, कन्सेंट्रिक आणि एक्सेंट्रिक यांचा ‘सेन’वर. मोठ्यानं दहादा म्हणा.

आणि एक शब्द तुम्हाला इंग्रजीचा म्हणून आठवणारही नाही: सेंट्रिंग. स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावतात ते. दगडी कमान बांधताना ती पडू नये म्हणून खाली तात्पुरता लाकडी गोलसर साचा उभारायचे, त्याला इंग्रजीत ‘सेंटर’ म्हणत, आणि ते उभारण्याच्या कामाला सेंटरिंग. कमानी गेल्या, सपाट स्लॅब आले, नाव राहिलं. माझ्या वर्गात सेंट्रिंगच्या कामावर जाणारा एक मुलगा आहे. त्याच्या वहीत या शब्दाला अख्खं पान आहे आणि त्यानं काढलेल्या कमानीखाली कंपासचं छिद्र अगदी जागेवर पडलंय.

आठवड्याचा हिशेब

सोमवारी पहिल्या दोन पायऱ्या. मंगळवारी तिसरी, हातात वर्तमानपत्र घेऊन. बुधवार-गुरुवार चार चित्रं. शुक्रवारी पाचवी आणि सहावी. शनिवारी उरलेल्या. रोज सुरुवात आदल्या दिवसाची चित्रं कोऱ्या पानावर न बघता काढून करायची. शब्द आठवला नाही तरी चालेल, छिद्र कुठे ते आठवलं पाहिजे. छिद्र आठवलं की शब्द पाठोपाठ येतो.

रविवारी कोश बंद ठेवून दोन नवे शब्द सोडवा. पहिला, सेलेनोसेंट्रिक. ‘सेलेने’ म्हणजे चंद्र. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ ज्या कक्षेत फिरत होतं ती डोळ्यांसमोर आणा आणि अर्थ स्वतःच्या मराठीत लिहा.

दुसरा, बॅरिसेंटर. ‘बॅरिस’ म्हणजे जड. दोन जड गोल एकमेकांना धरून फिरतात तेव्हा दोघांच्या वजनाचा तोल ज्या बिंदूवर सांभाळला जातो, तो हा. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो असं आपण म्हणतो. नेमकं बोलायचं तर दोघंही या बिंदूभोवती फिरतात. तो कुठे आहे ते काढून बघा. कंपासमध्ये ६.४ सेंटिमीटर घेऊन वर्तुळ काढा. हजार किलोमीटरला एक सेंटिमीटर धरलं तर ही पृथ्वी. मधल्या छिद्रापासून पट्टीनं ४.७ सेंटिमीटर मोजा. तो बिंदू वर्तुळाच्या आतच येतो, आपल्या पायाखालच्या जमिनीत सुमारे १,७०० किलोमीटर खोल. कंपास तिथे टोचा.